कच्च्या टाक्यांवरची मंजुरी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच वाकलो आहे, उरलेला नमस्कार मनातल्या मनात पूर्ण करून घ्यावा). तुझे गुडघे कसे आहेत, भावोजींचा खोकला उतरला का, आणि जिन्याच्या कठड्यावरून तू तीनदा परत पाठवलेला सुतार चौथ्यांदा आला का, हे तिन्ही सविस्तर कळव. आमच्याकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीने खिडकीतल्या कुंड्यांच्या जागा बदलल्या आणि मला ते दोन आठवड्यांनी समजलं. त्यावर जे काही व्हायचं ते घरात होऊन गेलं आहे.

मी लांबण लावतो ही तुझी जुनी तक्रार, म्हणून मुद्द्याची गोष्ट आधी सांगतो. उजव्या हाताच्या थरथरीसाठी मला मनगटावर बांधायचा एक पट्टा मिळाला आहे. दिसायला घड्याळासारखा, पण जाड, आणि वेळ न दाखवणारा. तो दिवसभर मनगटातल्या नसेला बारीक बारीक टिचक्या मारतो. त्या टिचक्यांनी म्हणे नस गोंधळते आणि हात हलायचं विसरतो. (नस नेमकी का गोंधळते, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अजून नक्की माहीत नाही. इतकी वर्षं डॉक्टरांकडे जातोय, पण हे उत्तर पहिल्यांदा मिळालं आणि मला ते फार आवडलं.) पट्टा बांधल्यापासून मी पुन्हा काजं करतो आहे. मशीनची शिवण मी अर्ध्या झोपेतही सरळ मारीन, पण कोटाचं काज हातानेच होतं, आणि ज्या शिंप्याला काज जमत नाही त्याने पाटी बदलून 'येथे कपडे आखूड करून मिळतील' अशी लावावी. तर पट्टा आहे तोवर दुकान आहे. आणि पट्टा माझा नाही. तो विमा कंपनीने वर्षभरापुरता, अटीवर दिला आहे, आणि स्वतः विकत घेणं माझ्या ऐपतीबाहेरचं आहे. वर्ष संपलं की समिती बसणार आणि ठरवणार. ठेवायचा म्हणाली तर राहिला, नाही म्हणाली तर डबीत घालून परत.

कंपनीचं पत्र आलं ते चार पानी. पहिल्या पानावर मी 'मंजूर' शोधलं, सापडलं. दुसऱ्या पानावर 'नामंजूर' शोधलं, नव्हतं, बरं वाटलं. तिसऱ्या पानावर 'तूर्त' सहा वेळा आलं, तेव्हा मी चष्मा पुसला. मग हिने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्हा दोघांना दोन वेगळ्या गोष्टी समजल्या. हिच्या मते कंपनीने हो म्हटलं होतं. माझ्या मते कंपनीने नाही म्हणायची तारीख पुढे ढकलली होती. दोन दिवस अबोला झाल्यावर आम्ही ते पत्र डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी समजावलं ते असं. पट्टा नवा आहे. काही लोकांवर काही आठवडे चालला, एवढं दिसलंय. पण वर्षभर चालतो का, सगळ्यांना चालतो का, की नव्याची नवलाई म्हणून हात चार दिवस शहाणा होतो आणि मग मूळ पदावर येतो, हे कुणालाच ठाऊक नाही. पुरावा नाही म्हणून पट्टा दिलाच नाही, तर पुरावा कधी जमणारच नाही. आणि पुरावा नसताना सगळ्यांना पट्टे वाटत सुटलं, आणि पट्टा निकामी निघाला, तर त्या सगळ्यांचं नुकसान. म्हणून मधली वाट काढली. तीनशे लोकांना पट्टा द्यायचा, वर्षभर त्यांच्याकडून सगळं नोंदवून घ्यायचं, आणि मग तीनशे जणांच्या नोंदी पुढ्यात घेऊन ठरवायचं.

हे ऐकून मला इतका आनंद झाला की डॉक्टरांना वाटलं मला काही समजलंच नाही. पण ताई, ही तर आपल्या दुकानातली रीत. आपले बाबा कोट एकदम कुठे शिवायचे? आधी कच्चे टाके घालायचे, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचे, हात वर करा म्हणायचे, बसा म्हणायचे, खोका म्हणायचे (पोट किती हलतं ते खोकल्यावर कळतं), आणि कुठे ताणतंय ते बघून मग पक्की शिवण. कंपनीने मला कच्च्या टाक्यांवर रस्त्यात सोडलं होतं आणि टाका कुठे उसवतो ते सांगायचं काम माझ्याकडेच दिलं होतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांना खोकायला लावलं, आता माझी पाळी आली. मला वाटतं या तीनशे लोकांत एवढ्या हौसेने खोकणारा मी एकटाच असेन.

दर शनिवारी सकाळी दहा वाजता परीक्षा असते. कंपनीने एक पेटी दिली आहे. तिच्यातल्या कागदावर मधून बाहेर फिरत जाणारी एक रेघ काढायची (हिने तिचं नाव गोगलगाय ठेवलंय). मग कपभर पाणी बशीत ठेवून स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत न्यायचं, आणि बशीत सांडलेलं रेघा आखलेल्या छोट्या पेल्यात ओतून किती रेघा भरल्या ते लिहायचं, शिवाय त्या पेल्याचा फोटो काढायचा. मग एका कापडाच्या पट्टीवरची पाच बटणं लावायची, किती सेकंद लागले ते लिहायचं. शेवटी प्रश्न. गेल्या आठवड्यात हातातून काही पडलं का? लोकांसमोर खायला संकोच वाटला का? मी वहीत लिहितो, आणि रात्रीच्या आत ही ते सगळं फोनवरून कंपनीला कळवते, कारण फोनची बारीक अक्षरं तिच्या ताब्यात आहेत.

आता, एवढी साधनं घरात आल्यावर माणूस फक्त शनिवारपर्यंत थांबेल का? मला जाणून घ्यायचं होतं की पट्टा डाव्या हाताला बांधला तर उजवा सुधारतो का. (नाही. पण डावा रुसतो.) कोपराला बांधला तर? (कोपराला गुदगुल्या होतात हे मला साठी उलटल्यावर कळलं.) मग एका मंगळवारी मी तो हिच्या मनगटाला बांधला आणि हातात भरलेला कप दिला, कारण ज्याचा हात हलत नाही त्याचं पट्ट्याने काय होतं, हेही कुणीतरी बघायला नको का? हिला टिचक्या लागल्या आणि असं हसू फुटलं की कप, बशी आणि गालिचा तिन्ही एकदम गेले. दुसऱ्या दिवशी कंपनीतून फोन. पट्टा आपण काय करतो ते सगळं आतल्या आत टिपून कंपनीला कळवत असतो, हे पत्राच्या चौथ्या पानावर होतं, आणि तिथपर्यंत आम्ही दोघंही पोचलो नव्हतो. मंगळवारी वीस मिनिटं तुमची थरथर पूर्ण थांबली, मग एकदम भूकंप झाला, आणि नाडी दुसऱ्याच कुणाची होती, असं का, असा त्यांचा प्रश्न होता. मी खरं ते सांगितलं. पलीकडे फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. मग एक बाई म्हणाल्या, मी भेटायलाच येते.

या बाई म्हणजे पुरावे गोळा करणाऱ्या. आम्ही त्यांना आपसांत पुरावेबाई म्हणतो, आता तोंडावर म्हटलं जाऊ नये एवढीच काळजी. तिशीच्या, चपळ, एका प्रश्नाला तीन उपप्रश्न असलेल्या. अंगातलं जाकीट डाव्या खांद्यावर पाऊण इंच उतरलेलं. मी पाच मिनिटांत नीट करून देतो म्हटलं, तर म्हणाल्या, पुरावा देणाऱ्याकडून काही घेता येत नाही. मग त्या दोन तास माझ्यासमोर तो खांदा घेऊन बसल्या आणि मला ते सगळं बघत उत्तरं द्यावी लागली. त्यांनी माझ्या नोंदींची फाईल काढली आणि एका शनिवारवर बोट ठेवलं. फोटोतल्या पेल्यात चार रेघा पाणी. माझ्या वहीत साडेपाच. फोनवरून आलेल्या आकड्यात तीन. पुढचा शनिवार. फोटोत सहा, वहीत साडेसात, फोनवर चार. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. उलट खुर्ची पुढे ओढून त्या म्हणाल्या, वहीतला फरक दर वेळी बरोबर दीडचाच कसा, हे मला समजून घ्यायचंय.

ताई, मी शपथेवर सांगतो, तोवर मला ते ठाऊकच नव्हतं. पण त्यांनी दीड म्हटलं आणि मला बाबा दिसले. त्यांची शिस्त अशी, की मापाच्या वहीत अंगाचं नुसतं माप लिहायचं नाही, त्यात दीड इंच माया धरून लिहायचं, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड राहतं आणि माणूस पुढे सुटला तरी कोट उसवून मोठा करता येतो. बाराव्या वर्षापासून माझा हात आकडा ऐकतो तो दीड वाढवूनच उतरवतो. पाणी चार रेघा सांडलं की हात साडेपाच लिहितो. बटणांना वीस सेकंद लागले की साडेएकवीस. मी पुरावेबाईंना हे समजावलं, कोटाची आतली शिवण उलटून दाखवली. त्यांनी ती दोन बोटांत धरून निरखून पाहिली, आणि मला वाटतं त्या दिवशी त्यांना खरोखर आवडलेली तेवढी एकच गोष्ट होती. मग त्यांनी विचारलं, ठीक आहे, पण फोनवरचा आकडा कमी कसा? त्यावर स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. ही हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली की यांचे आकडे बघून त्या लोकांनी पट्टा परत नेला असता, म्हणून मी ज्या त्या आठवड्याला बघून थोडं थोडं कमी करत होते. किती कमी, हे तिने लिहून ठेवलेलं नाही. मनाला येईल तेवढं.

म्हणजे सहा महिने मी पट्ट्याची बदनामी करत होतो आणि ही त्याची भलामण. फोटोंवरून खरं काढता आलं असतं, पण बहुतेक फोटोंत पेल्याच्या ऐवजी तुझ्या भावजयीचं बोट आहे. एवढ्यावरही भागलं नाही. बाईंनी बटणांची ती पट्टी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि विचारलं, ही आमचीच का? पट्टी त्यांचीच होती. फक्त तिची काजं इतकी वाईट होती, कडा सुटलेल्या, दोरे लोंबणारे, की पहिल्याच महिन्यात मी ती उसवून नीट केली होती. दोरे लोंबणारी वस्तू माझ्या घरात राहणार आणि दर शनिवारी मी तिच्याकडे बघणार, हे कसं शक्य आहे? पण त्यामुळे चाळीस सेकंदांवरून मी एकोणीसवर आलो, ते पट्ट्यामुळे की काजांमुळे, हे आता देवालाही सांगता येणार नाही. बाईंनी पाचही काजांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, ही तुम्ही याच हाताने केलीत? पट्टा बांधून? मी हो म्हटलं. त्यांनी फॉर्मची पानं मागेपुढे चाळली आणि म्हणाल्या, याला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नाही.

मी म्हटलं, जाऊ द्या, तीनशेत एकाचं चुकलं तर काय मोठंसं. तेव्हा त्या पहिल्यांदा गंभीर झाल्या. म्हणाल्या, प्रत्येकाला असंच वाटतं. कुणी पट्टा जाऊ नये म्हणून थोडं चांगलं लिहितो, कुणी डॉक्टरांवर राग म्हणून थोडं वाईट लिहितो. शेवटी समिती ठरवते ते तुमच्या एकट्याच्या हाताचं नसतं. तुमच्यामागे हजारो हात रांगेत आहेत, त्यांना पट्टा द्यायचा की नाही हे तुमच्या पाण्यावर ठरणार. उगाच चांगलं लिहिलंत तर त्यांच्या मनगटावर निकामी वस्तू बांधली जाईल, उगाच वाईट लिहिलंत तर कामाची वस्तू त्यांना कधी मिळणारच नाही. ताई, मी एवढे दिवस समजत होतो की मी माझ्या फरशीवर पाणी सांडतोय. ती रांग मला त्या दिवशी दिसली, आणि तिच्यातला एखादा माझ्यासारखाच कुठेतरी सुई हातात घेऊन बसला असेल असं वाटून मला खरंच लाज वाटली. हिलाही वाटली असावी, कारण बाईंना चहा देताना तिने साखर चमच्याने मोजून घातली.

निकाल असा लागला. पहिल्या सहा महिन्यांचे सगळे शनिवार बाद. नवी पट्टी आली आहे (काजं पूर्वीसारखीच भयंकर, आणि मी हात लावलेला नाही, कृपया विश्वास ठेव). आता उरलेल्या महिन्यांवरच सगळं आहे. आमच्या दोघांच्या हातची नोंद एकट्याने चालणार नाही, म्हणून सलग चार शनिवार बाहेरचा एक साक्षीदार हवा. तो या घरात राहणारा नसावा, थरथर सुरू होण्याआधीचा माझा हात त्याने पाहिलेला असावा, आणि मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणारा नसावा. साक्षीदार मिळाला नाही तर माझं नाव तीनशेतून गळणार, आणि नावाबरोबर पट्टाही लगेच जाणार. आम्ही खूप विचार केला. समोरचा चष्मेवाला तयार आहे, पण तो मी उलट बाजूने शिवलेल्या खिशालाही वा वा म्हणाला होता. दुकानात येणारे बाकीचे माझ्यावर जीव टाकतात, म्हणजे कामाचे नाहीत. बघू, कोणी ना कोणी सापडेल. तू काळजी करू नकोस, हे सगळं सहज म्हणून कळवलं.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, सुताराला सहानुभूती. उत्तर लवकर धाड.

तुझाच,
धाकटा

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. एकोणीस सेकंद लिहिलंय ते मी नीट केलेल्या जुन्या पट्टीवरचे. आजचा खरा आकडा, नव्या पट्टीवर, सव्वीस आहे. वाईट दिवशी तीसही होतात. पत्रात चांगलं दिसावं असं मला का वाटलं, याचा मी विचार करतोय.

आणखी एक ता. क. सहज कळवलं नव्हतं. बाईंनी विचारलं होतं, असं कुणी आहे का, ज्यांना तुमच्या कामात चूक दिसली तर ती बोलल्यावाचून राहवत नाही? मी आणि ही एकमेकांकडे न बघता एकाच दमात ताई म्हणालो. फॉर्म सोबत जोडला आहे. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारच्या आत ये आणि चार शनिवार राहा. तू आलीस की कपाटं पुन्हा लागणार आणि कुंड्या पुन्हा हलणार हे हिला माहीत आहे, आणि तरीही तुझी खोली तिने कालच आवरून ठेवली, यावरून काय ते समज.

शेवटचा ता. क. येताना तो राखाडी कोट घेऊन ये. तीन वर्षांपूर्वी मी शिवून पाठवलेला. त्याचं वरून तिसरं काज वाकडं आहे, दोरा दोन ठिकाणी सुटलाय. मी सुई हातात धरल्यापासून तू माझ्या प्रत्येक टाक्याला नावं ठेवत आलीस, बाबांच्याही ठेवल्यास, आणि तो कोट मिळाल्यावर फोन करून म्हणालीस, छान झालाय. तेवढंच. फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे गेलो. तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आज तुला सांगतोय. तू आलीस की ते काज उसवून तुझ्यासमोर पुन्हा करीन. जवळ बसून बघ, आणि दिसेल ते लिही. चांगलं झालं नाही तर नाही झालं असंच लिही. पट्टा गेला तरी चालेल, असं लिहिणार होतो, पण चालणार नाही, ताई. तरी खरंच लिही.